‘पान ५३ काढा’ : सुगम्य पुस्तकालय आणि इतर वाटा, एका वर्षाच्या वापरानंतर

भूगोलाच्या तासाला प्राध्यापकांनी ‘पान ५३ काढा’ असे सांगितले, वर्गातल्या साठ-पासष्ट मुलांनी पाने उलटली, आणि पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी कानात इयरफोन घालून तशीच बसून राहिली. तिच्या मोबाइलमध्ये ते पुस्तक होते. आमच्या ग्रंथालयानेच ते तिला मिळवून दिले होते आणि त्याबद्दल आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटूनही घेतली होती. तास संपल्यावर ती ग्रंथालयात आली आणि म्हणाली, “सर, पुस्तक मिळालं, पण पान नाही मिळालं.” एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करताना मी पुस्तकांविषयी नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या आहेत, फाटलेले पान, गायब झालेले पान, कोणी ब्लेडने कापून नेलेले पान. ही तक्रार मात्र नवी होती.

त्या वर्षी आमच्याकडे कला शाखेच्या प्रथम वर्षाला दोन दृष्टिबाधित विद्यार्थी होते. ही विद्यार्थिनी जन्मापासून अंध असून दहावीपर्यंत निवासी अंधशाळेत शिकलेली, त्यामुळे ब्रेल तिला उत्तम येते. दुसरा विद्यार्थी अल्पदृष्टी असलेला. त्याला ब्रेल येत नाही, मोठी अक्षरे जवळ धरून तो वाचतो आणि संध्याकाळ झाली की तेही जमत नाही. या दोघांसाठी आम्ही वर्षभरात पुस्तके चार वाटांनी मिळवली: सुगम्य पुस्तकालय (छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय), ब्रेल खंड, पैसे देऊन करवून घेतलेले स्कॅनिंग आणि प्रकाशकाकडून मागवलेली मूळ फाइल. त्या चारही वाटांचे हे परीक्षण आहे. कसोटी मी माझी लावलेली नाही, त्या विद्यार्थिनीचीच घेतली आहे: वर्गात ‘पान ५३’ म्हटल्यावर इतरांइतक्याच नाही तरी त्याच्या जवळपासच्या वेळात तिला त्या पानावर जाता येते का?

सुगम्य पुस्तकालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाले. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, देहरादून येथील दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था, डेझी फोरम ऑफ इंडिया (दृष्टिबाधितांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांचा संघ) आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून ते उभे केले. ही एकच एक इमारत किंवा एकाच संस्थेचा संग्रह नव्हे. देशातील अनेक संस्थांनी आपापल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली पुस्तके येथे एकाच यादीत आणलेली आहेत, आणि बुकशेअर या मोठ्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रहही त्याला जोडलेला आहे. उद्घाटनाच्या वेळीच २ लाखांहून अधिक पुस्तके असल्याचे जाहीर झाले होते. हा आकडा वाचताना तो जोड ध्यानात ठेवावा, म्हणजे आपल्या अभ्यासक्रमाच्या यादीसमोर अपेक्षा बेताची राहते. यामागचा विचार मात्र ग्रंथपाल म्हणून मला फार मोलाचा वाटतो. एकच कादंबरी मुंबईच्या एका संस्थेने, पुण्याच्या दुसऱ्या संस्थेने आणि दिल्लीच्या तिसऱ्या संस्थेने स्वतंत्रपणे टाइप करून घ्यायची, हा प्रकार एका सामाईक यादीने टळू शकतो. डोळस वाचकांच्या ग्रंथालयांना सामाईक तालिका करण्याची कल्पना जितकी जड गेली, तितकी ती येथे गेलेली दिसत नाही.

सदस्यत्वासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. विद्यार्थ्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र) असेल तर काम सोपे होते. नसेल तर ते आधी काढावे, कारण ते पुढे शिष्यवृत्तीपासून प्रवास सवलतीपर्यंत सगळीकडे लागतेच. खाते विद्यार्थ्याच्याच नावाने असावे. महाविद्यालयाने एक खाते काढून त्यातून सर्वांना फाइली वाटायच्या, हा मोह आम्हालाही झाला होता, परंतु ही सवलत छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीला दिलेली आहे, ग्रंथालयाला नव्हे; शिवाय विद्यार्थ्याने स्वतः शोधायला, उतरवून घ्यायला आणि वाचायला शिकणे हे कोणत्याही एका पुस्तकापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. शोधताना मराठी पुस्तकाचे नाव देवनागरीत टाकून पाहावे, रोमन लिपीतही टाकून पाहावे आणि लेखकाच्या केवळ आडनावानेही शोधावे. नोंदी करणारे हात अनेक असले म्हणजे वाचकाने एवढी चिकाटी ठेवावी लागते.

हाती येणाऱ्या पुस्तकाच्या स्वरूपाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पान ५३ चे रहस्य तेथेच आहे. डेझी हे नाव पुष्कळांना बोलत्या पुस्तकांमुळे माहीत असते. जुन्या ध्वनिफितीवरचे पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे लागे. मधले काही हवे असेल तर फीत पुढे पळवायची आणि अंदाजाने थांबवायची. १९९६ साली स्थापन झालेल्या डेझी कन्सॉर्शियमने ज्या पद्धतीचा पुरस्कार केला तिच्यात पुस्तकाला सांगाडा असतो: प्रकरण, उपप्रकरण, परिच्छेद, आणि रूपांतर करणाऱ्याने खुणा घातल्या असतील तर छापील पुस्तकाचे पानसुद्धा. वाचक प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारू शकतो, पानाचा आकडा देऊन थेट तेथे पोहोचू शकतो, खूण ठेवू शकतो. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपातही हे सर्व करता येते. म्हणजे तंत्र तयार आहे, वाचनाची अॅपे तयार आहेत, त्यांतली कित्येक विनामूल्य आहेत. प्रश्न उरतो तो खुणा घालणाऱ्या माणसाचा. सुगम्य पुस्तकालयातून मिळालेल्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकात पानांच्या खुणा होत्या, आणि इंग्रजीच्या तासाला आमची विद्यार्थिनी शेजारणीच्या आधी पानावर पोहोचली. हा प्रसंग तिने मला दोनदा सांगितला.

अभ्यासक्रमाच्या यादीत पाठ्य आणि संदर्भ मिळून १४ पुस्तके होती. त्यांपैकी ५ आम्हाला सुगम्य पुस्तकालयात मिळाली. उरलेल्या ९ मध्ये बहुतेक स्थानिक प्रकाशकांची मराठी संदर्भपुस्तके होती, जी कोणीच, कोठेच रूपांतरित केलेली नव्हती; जे कोणी तयारच केले नाही ते यादीत दिसणार कसे, म्हणून याचा दोष मी पुस्तकालयाला देत नाही. बारावीपर्यंत बालभारतीचे एकच पुस्तक राज्यभर चालते, त्यामुळे ते एकदा नीट रूपांतरित झाले की गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुलांना उपयोगी पडते. महाविद्यालयात आल्याबरोबर हे गणित उलटते. विद्यापीठ वेगळे, अभ्यासपत्रिका वेगळी, प्रत्येक पत्रिकेला चार-पाच संदर्भग्रंथ, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलल्यामुळे आवृत्त्याही नव्या. एका जिल्ह्यात एखादीच विद्यार्थिनी ते पुस्तक मागणार, आणि दोन वर्षांनी तेही बदललेले असणार. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके व शैक्षणिक साहित्य विनामूल्य देण्याचे कर्तव्य सांगितले आहे, परंतु ते वयाच्या १८ वर्षांपर्यंत. आमची विद्यार्थिनी जूनमध्ये प्रवेश घ्यायला आली तेव्हा तिला नुकतेच अठरा पूर्ण झाले होते. संदर्भग्रंथांची खरी गरज ज्या महिन्यात सुरू झाली, नेमक्या त्याच सुमारास कायद्याच्या त्या वाक्याने तिचा हात सोडला.

अभ्यासाबाहेरच्या वाचनासाठी मात्र सुगम्य पुस्तकालयाला मी विनासंकोच पैकीच्या पैकी गुण देईन. डोळस मुले ग्रंथालयात चक्कर मारतात, चार पुस्तके चाळून एक घेऊन जातात आणि वाचतही नाहीत. ही चाळण्याची चैन दृष्टिबाधित वाचकाला आजवर नव्हती, कारण त्याच्यासाठी प्रत्येक पुस्तक कोणीतरी श्रम घेऊन आणलेले असे आणि ते आवडले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे वाटे. आमच्या विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुटीत सहा पुस्तके उतरवून घेतली आणि त्यांतली चार अर्ध्यावर टाकली. मला याचे फार समाधान वाटले.

आता ब्रेल खंड. मोबाइल आल्यावर ब्रेलची गरज काय, असे आमच्या एका प्राध्यापकांनीही विचारले. याचे उत्तर मराठीच्या उत्तरपत्रिकेत आहे. ऐकून अभ्यास करणाऱ्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाने कळत नाही. वेलांटी पहिली की दुसरी, शब्द जोडून लिहायचा की तोडून, अवतरणचिन्ह कोठे संपते, हे सर्व बोटाखाली येते तेव्हाच पक्के होते. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांना ध्वनीनुसार एकच संकेत ठरवलेले आहेत, त्यामुळे मराठी ब्रेल शिकलेल्या मुलाला हिंदी आणि संस्कृतचे दारही उघडते. आमच्या विद्यार्थिनीने मराठी वाङ्मयाच्या पत्रिकेसाठी ब्रेलचाच आग्रह धरला आणि तो योग्य होता.

अडचण आहे ती आकाराची आणि वेळेची. दीडशे पानांचे छापील पुस्तक ब्रेलमध्ये तीन-चार जाड खंडांचे होते. ते खंड एकावर एक रचून ठेवता येत नाहीत, कारण वजनाने ठिपके दबतात. उभेच ठेवावे लागतात, आणि आमच्या कपाटाचे कप्पे त्या उंचीचे नव्हते, म्हणून सुताराला बोलावून एक फळी काढावी लागली. टपालाचा प्रश्न मात्र येत नाही. अंधांसाठीचे साहित्य भारतीय डाक विभाग ७ किलोपर्यंत टपालखर्चाशिवाय नेतो, आणि ही सवलत आपल्या डाकघरातील नव्या कर्मचाऱ्याला माहीत नसेल तर पोस्टमास्तरांना भेटावे. ज्या संस्थेकडून आम्ही खंड मागवले तिने कागद आणि ठिपके उत्तम दिले, परंतु पहिला खंड सप्टेंबरमध्ये आला आणि शेवटचा सत्र संपल्यावर. दुसरा खंड वाटेतच राहिल्यामुळे तिने प्रकरण चार ते सात न वाचता आठवे वाचले. पानाच्या कसोटीवर येथे वेगळाच अनुभव आला. ब्रेल पानाच्या कोपऱ्यात छापील पानाचा आकडाही दिलेला होता, त्यामुळे ५३ सापडत होते. पण ते तिसऱ्या खंडात आहे की दुसऱ्या, हे बाहेरून कळत नव्हते. आम्ही प्रत्येक खंडाच्या कण्यावर ‘पाने १ ते ३८’ अशी ब्रेल पट्टी तिच्याकडूनच करून घेऊन चिकटवली. एवढे जर संस्थेनेच केले असते, तर तिची प्रशंसा मी हात राखून केली नसती.

तिसरी वाट स्कॅनिंगची, आणि तिच्याविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण घाईत असलेले पालक आणि महाविद्यालये हीच वाट धरतात. जवळच्या शहरातील एका स्कॅनिंग सेवेला आम्ही भूगोलाचे पुस्तक दिले. पानामागे चार रुपये, मुदत आठ दिवस, आणि ‘ओसीआर करून मिळेल’, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून मिळेल, असे आश्वासन. फाइल आठव्या दिवशी मिळाली, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. ती उघडली तेव्हा कळले की ती केवळ छायाचित्रांची पीडीएफ आहे. पडद्यावर अक्षरे सुबक दिसत होती आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र गप्प होता. पुन्हा पाठवल्यावर आणखी सहा दिवसांनी मजकूर असलेली फाइल आली. पान ५३ चा प्रसंग घडला तो याच फाइलीमुळे.

देवनागरी ओसीआर गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारले आहे, हे खरे आहे. स्वच्छ छपाईच्या पानावर ते बरेच अचूक चालते. पण जुन्या छपाईत, किंवा पुस्तक मधोमध दाबून न धरता स्कॅन केले असेल तर, ‘घ’ चा ‘ध’ होतो, ‘भ’ चा ‘म’ होतो, ‘ख’ फुटून ‘रव’ होतो. आमच्या फाइलीत ‘लोकसंख्येची घनता’ प्रत्येक ठिकाणी ‘लोकसंरव्येची धनता’ झाली होती. डोळस वाचक अशी चूक पाहताच मनात दुरुस्त करतो. कानाने वाचणाऱ्या नवख्या विद्यार्थिनीने ‘धनता’ ही बहुधा दरडोई उत्पन्नासारखी काही संज्ञा असावी असे समजून ती दोन आठवडे तशीच पाठ केली होती. तिला हसण्याचे कारण नाही; शब्द पहिल्यांदाच भेटत असेल तर तो चुकीचा आहे हे तिने कशावरून ओळखावे?

याहून वाईट अवस्था तक्त्यांची. पान ५३ वर राज्यनिहाय लोकसंख्येच्या घनतेचा तक्ता आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ आणि गोव्याची ३९४, असे आकडे त्यात ओळीने दिलेले आहेत. ओसीआरने आधी सगळ्या राज्यांची नावे एकाखाली एक घेतली आणि मग सगळे आकडे एकाखाली एक. ऐकणाऱ्याला प्रथम राज्यांची नामावली ऐकू येते, नंतर आकड्यांची रांग, आणि कोणता आकडा कोणाचा हे बोटे मोजून जुळवावे लागते. त्यातच प्रत्येक पानाच्या माथ्यावर असलेले पुस्तकाचे नाव मजकुरात मिसळल्याने दर पानाला वाक्याच्या मध्येच ते उच्चारले जात होते, आणि पानांचे आकडे मात्र ‘नीटनेटके दिसावे म्हणून’ काढून टाकलेले होते. जे ठेवायचे ते काढले आणि जे काढायचे ते ठेवले. त्या सेवेचे काम डोळ्यांनी पाहणाऱ्या ग्राहकासाठी असते, हे मी समजू शकतो, आणि आम्ही काम देताना काय हवे ते लिहून दिले नव्हते हेही कबूल करतो. तरी अंध विद्यार्थिनीसाठी म्हणून सांगितलेले काम ऐकून न पाहता देणे मला गैर वाटते. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी आम्ही कागदावर लिहून दिले: प्रत्येक पानाच्या सुरुवातीला आकडा, माथ्यावरची ओळ नको, प्रकरणांना शीर्षकाची शैली, तक्ता असेल तेथे खरा तक्ता. काम बरेच सुधारले. ‘घ’ आणि ‘ध’ चे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी केले. एकाने छापील पुस्तक धरायचे, दुसऱ्याने फाइल, आणि ओळीओळीने ताडायचे. दोनशे पानांना चार मुलांचे तीन आठवडे लागले.

प्रकाशकाकडून मूळ फाइल मागवणे ही चौथी वाट, आणि ती सर्वांत सोपी असेल असे मला वाटले होते. पुस्तक एकदा संगणकावर टाइप झालेलेच आहे, ते पुन्हा स्कॅन कशाला करायचे? एका प्रकाशकाला पत्र लिहिले. उत्तर आले की असे करणे कॉपीराइटच्या विरुद्ध आहे. ही समजूत चुकीची आहे आणि ती इतकी सर्वत्र पसरलेली आहे की येथे स्पष्टच लिहितो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२(१)(झेडबी) आले. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाचे रूपांतर करणे, आणि ते अशा व्यक्तीला खाजगी वाचनासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी देणे, हा त्यानुसार हक्कभंग ठरत नाही. ना-नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थांनाही ही मोकळीक आहे. पुढल्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, दृष्टिबाधितांना वाचता येतील अशी पुस्तके मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार झाला आणि त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला आणि अशी पुस्तके एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. तथापि, रूपांतर करण्याची मोकळीक असणे आणि प्रकाशकाने फाइल देण्यास बांधील असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या पत्रात मी कायद्याचे कलम लिहिले आणि त्यासोबत, फाइल केवळ एका विद्यार्थिनीच्या वापरासाठी आहे, ती कोणाला दिली जाणार नाही, अशी प्राचार्यांच्या सहीची हमी जोडली. कलमापेक्षा हमीचा उपयोग अधिक झाला, असे मला वाटते. फाइल आली.

ती उघडून ऐकवली तेव्हा स्क्रीन रीडर काहीतरी अगम्य इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे म्हणत सुटला. मराठी डीटीपीशी ज्यांचा संबंध आला आहे ते लगेच ओळखतील. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये अक्षराचे केवळ चित्र मराठी असते. आत संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. कागदावर छापण्यासाठी हे पुरेसे होते, आणि मराठी प्रकाशनव्यवसायाची कित्येक दशके याच फॉन्टांवर गेली. रूपांतरक वापरून त्याचे युनिकोड करता येते, परंतु पहिली वेलांटी आणि रफार येथे हमखास दगा देतात. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. जोडाक्षर आले की रूपांतरकाचा गोंधळ होतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि ‘स्थिती’ चे काय ऐकू येईल ते सांगता येत नाही. तरीही स्कॅनिंगच्या मानाने ही वाट मला उजवी वाटली, कारण येथल्या चुका एकाच पठडीतल्या असतात. एकदा यादी केली की ‘शोधा आणि बदला’ ने शेकडो चुका एका झटक्यात जातात. तक्ते शाबूत होते. पानांचे आकडे आपोआप आले नाहीत, पण छापील पुस्तक समोर ठेवून ते घालायला दोन दुपारी पुरल्या.

अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याची गरज निराळी होती, आणि खरे सांगायचे तर तिच्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले, कारण तो पांढरी काठी वापरत नाही आणि तक्रारही करत नाही. सुरुवातीला आम्ही त्याला पाने मोठी करून झेरॉक्स काढून दिली. ए-४ चे ए-३ केले की अक्षर दीडपटीहूनही थोडे कमीच मोठे होते, कागद बाकावर मावत नाही आणि करडी छपाई आणखी पुसट होते. पीडीएफ मोबाइलवर मोठी केली तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी बोटाने पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. दहा मिनिटांत डोळे आणि मान दोन्ही दुखू लागतात. ईपब फाइलीत अक्षर कितीही मोठे केले तरी ओळ पडद्याच्या रुंदीत मावते, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे अक्षर ठेवता येते. विद्यार्थिनीसाठी शुद्ध केलेलीच फाइल ईपब करून त्याला दिली. दोन मुलांच्या दोन गरजा एका फाइलीत भागल्या, हा त्या वर्षीचा सुखद धक्का होता.

वाचून दाखवणाऱ्या आवाजाबद्दल थोडे. संगणकावर आम्ही एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरतो. त्याच्यासोबत येणारा ईस्पीकचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पण चपळ आहे. सरावलेले कान तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला एक शब्दही कळत नाही. मोबाइलवरील मराठी आवाज कानाला अधिक गोड लागतो. महत्त्वाचे हे की मोबाइल घेतल्याबरोबर आवाजाची भाषा मराठी केली आहे ना, हे तपासावे. आमच्या विद्यार्थिनीच्या मोबाइलवर पहिले दोन महिने हिंदी आवाज होता आणि तो ५३ ला ‘तिरपन’ म्हणत असे. कोणताही आवाज ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ वेगळा काढेल अशी अपेक्षा मात्र इतक्यात ठेवू नये.

ज्यांना पुढच्या वर्षी हे सर्व करायचे आहे त्यांनी पुस्तकांची यादी प्राध्यापकांकडून एप्रिलमध्येच मागून घ्यावी. जूनमध्ये मागितलेले पुस्तक ऑगस्टमध्ये हाती येते आणि तोवर पहिली चाचणी झालेली असते. यादी आली की प्रथम सुगम्य पुस्तकालयात पाहावे, मग डेझी फोरमच्या जवळच्या सदस्य संस्थेकडे चौकशी करावी, मग प्रकाशकाला पत्र लिहावे, आणि स्कॅनिंगकडे सर्वांत शेवटी वळावे; आम्ही नेमका उलटा क्रम धरला होता. मुंबईत असणाऱ्यांची स्थिती बरी आहे, कारण वरळीला राष्ट्रीय अंध संघ आहे आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र चालते, ज्याने कायद्यातील वरील दुरुस्तीसाठीही मोठे काम केले. तालुक्याच्या गावाला असा शेजार नसतो, म्हणून येथे महिने अधिक धरावेत.

आकृत्या आणि नकाशे यांवर चारही वाटांत आम्हाला काही मिळाले नाही. फाइलीत ‘आकृती ४.२’ एवढेच ऐकू येते आणि पुढचे वाक्य ‘वरील नकाशात दाखवल्याप्रमाणे’ असे सुरू होते. भूगोलाच्या प्राध्यापकांनी अखेर महाराष्ट्राचा नकाशा जाड पुठ्ठ्यावर स्वतः केला: सीमेला सुतळी, नद्यांना लोकरीचा धागा, सह्याद्रीला वाळू आणि गोंद, आणि शहरांच्या जागी त्यांच्या पत्नीने दिलेल्या खड्यांच्या टिकल्या. विद्यार्थिनीने तो दोन्ही हातांनी खालून वर तपासला, कोकणच्या किनाऱ्यावर बोट फिरवत मुंबईपर्यंत गेली, पुन्हा खाली आली आणि विचारले, “सर, रत्नागिरीची टिकली पडली का, की लावलीच नव्हती?” ती लावायची राहून गेली होती.